जुन्या जर्मन स्पोर्ट्‌स गाड्यांची नावं वाचायची कशी

टाटाच्या ट्रकवर '१६१३' असं लिहिलेलं असेल तर तो भारासकट सोळा टनांचा आणि १३० अश्वशक्तीच्या आसपासचा, हे हायवेवर जन्म काढलेल्या कुठल्याही चालकाला तोंडपाठ असतं. नाव देण्याची ही रीत मूळची मर्सिडीजच्या ट्रकांची. १९५४ पासून टाटा आणि डाइमलर-बेंझ मिळून इथे ट्रक बनवू लागले, त्या नात्यातून ती आपल्याकडे रुजली. त्यामुळे जर्मन गाडीच्या पाठीवर आकडा दिसला की त्यातून काहीतरी हिशेब निघणारच, असं आपण धरून चालतो.

ट्रकच्या बाबतीत तो निघतोही. स्पोर्ट्‌स गाड्यांच्या बाबतीत मात्र पंचाईत होते. पोर्शे ९११ मधला ९ कशाचा आणि ११ कशाचा, याला उत्तर नाही. बीएमडब्ल्यू २००२ चा सन २००२ शी काडीचा संबंध नाही. मर्सिडीज ३५० एसएलच्या बोनेटखाली साडेचार लिटरचं इंजिन निघू शकतं आणि तरी विकणारा खोटं बोलत नसतो.

व्हिंटेज रॅलीत गाड्या बघताना, शोकेससाठी स्केल मॉडेल घेताना किंवा परदेशात राहून खरोखरच एखादी जुनी गाडी शोधताना नवख्या माणसाला उपयोगी पडावं म्हणून हे लिहितोय. जर्मन भाषा यायची गरज नाही. कुठल्या कंपनीने कुठल्या काळात कुठला नियम पाळला आणि तो कधी मोडला, एवढं कळलं की पुरतं.

पायरी १: एका गाडीची तीन नावं असतात, ती आधी वेगळी करा

पहिलं नाव विक्रीचं. ते डिकीवर असतं, माहितीपत्रकात असतं आणि जाहिरातीत असतं. दुसरा कारखान्यातला सांकेतिक आकडा. तो गाडीवर कुठेच लिहिलेला नसतो, पण शौकीन मंडळी बोलताना तोच वापरतात: ९३०, डब्ल्यू११३, ई३०. तिसरा चासी नंबर, जो पत्र्यात ठोकलेला असतो.

विक्रीचं नाव एकटं घेतलंत तर किती घोटाळा होतो, हे ३०० एसएलवरून बघा. १९५४ साली न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात आलेली, वर उघडणाऱ्या दारांची मर्सिडीज म्हणजे ३०० एसएल. तिचा आतला आकडा डब्ल्यू१९८, आणि त्या कूपे (बंद टपाच्या, दोन दारांच्या) बनल्या फक्त १४००. पुढे १९८५ मध्ये आर१०७ या उघड्या टपाच्या गाडीत तीन लिटरचं इंजिन आलं, तिच्याही डिकीवर ३०० एसएल. १९८९ मध्ये आर१२९ आली, तिच्यातही एक ३०० एसएल होती. नाव एकच, गाड्या तीन, आणि पहिलीच्या किमतीत बाकीच्या दोन्ही डझनांनी येतील. म्हणून कोणी '३०० एसएल बघितली' म्हणालं की जाणकार लगेच विचारतो, 'कुठली?'

मर्सिडीजच्या आतल्या आकड्यापुढचं डब्ल्यू म्हणजे 'वागेन', अर्थात गाडी. आर म्हणजे रोडस्टर, सी म्हणजे कूपे. बीएमडब्ल्यूचा ई म्हणजे 'एन्टविकलुंग', विकास-प्रकल्प. पोर्शे पुढे अक्षर लावतच नाही, नुसता आकडा.

पायरी २: आकडा कशाचा आहे ते ठरवा

शक्यता तीनच. आकडा इंजिनाच्या आकारमानाचा असेल, प्रकल्पाच्या क्रमांकाचा असेल, किंवा मालिका आणि आकारमान मिळून झालेला असेल. मर्सिडीज बहुतेक वेळा पहिल्या पंथाची, पोर्शे दुसऱ्या पंथाची. बीएमडब्ल्यूने तिन्ही करून पाहिले.

पोर्शेचं प्रकरण सगळ्यात रंजक आहे, म्हणून तिथे जरा थांबू. फर्डिनांड पोर्शे यांनी १९३१ मध्ये श्टुटगार्टला काढलं ते डिझाइनचं ऑफिस. स्वतःच्या नावाची गाडी बनवणं बरंच पुढचं. ऑफिसात येणाऱ्या प्रत्येक कामाला अनुक्रमांक मिळायचा. गंमत म्हणजे वांडरर कंपनीसाठी केलेल्या पहिल्या कामाला त्यांनी ७ नंबर दिला. आपण नवखे आहोत हे गिऱ्हाइकाला कळायला नको! ६० व्या क्रमांकाचं काम म्हणजे पुढे जगभर गाजलेली फोक्सवॅगन बीटल. आणि ३५६ व्या कामाला पोर्शे हेच नाव लागलं. ऑस्ट्रियातल्या ग्म्युंड गावात बनलेल्या पहिल्या ३५६ ला ८ जून १९४८ रोजी रस्त्यावर चालवायचा परवाना मिळाला. तेव्हा ३५६ मध्ये ना सीसी, ना अश्वशक्ती. वहीतला ओळीने आलेला आकडा, बस. पुढची ५५० स्पायडर तशीच.

३५६ ची जागा घेणाऱ्या गाडीच्या वेळी ही रांग सोडून थेट ९०१ वर उडी मारली गेली. फोक्सवॅगनबरोबर पुढे एकत्र काम होईल असा अंदाज होता, आणि त्यांच्या आकड्यांच्या यादीत ९०० पासूनची जागा मोकळी होती. सप्टेंबर १९६३ मध्ये फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात ती ९०१ म्हणूनच मांडली गेली. वर्षभराने पॅरिसला नेली तर प्यूजोने हरकत घेतली. मधे शून्य असलेले तीन आकडी नंबर ते १९२९ च्या २०१ पासून वापरत होते आणि फ्रान्समध्ये तो हक्क त्यांचा होता. नोव्हेंबर १९६४ मध्ये शून्याच्या जागी एक आला आणि ९११ जन्माला आली. तोवर ८२ गाड्या ९०१ नावाने बनल्या होत्या. सुट्या भागांवर मात्र पुढे कित्येक वर्षं ९०१ नेच सुरू होणारे नंबर येत राहिले. म्हणून जुन्या ९११ च्या एखाद्या भागावर '९०१' दिसलं तर आपल्या हाती घबाड लागलं, असं समजू नका.

नावावरून नोटीस येण्याची पोर्शेची ही पहिली वेळ नव्हती. त्यांचे न्यूयॉर्कचे आयातदार मॅक्स हॉफमन यांना अमेरिकन गिऱ्हाइकासाठी आकड्यांऐवजी शब्द हवे होते. त्यांच्यामुळे १९५५ ची ३५६ तिकडे 'कॉन्टिनेंटल' नावाने विकली गेली, पण ते नाव फोर्डच्या लिंकनचं होतं. लगोलग ते काढावं लागलं. त्या एका वर्षाच्या गाड्यांवरचा तो बॅज आज हौशी लोक जिवापाड जपतात.

आता सापळा. ९२४ ला चार सिलेंडर, ९२८ ला आठ, ९४४ ला चार. म्हणजे शेवटचा आकडा सिलेंडरचा, असा शोध प्रत्येक नवखा कधी ना कधी लावतोच. ९६८ बघा: तीन लिटरचं इंजिन, सिलेंडर चारच. आणि ९११ ला सहा. हा नियम कधी नव्हताच, जुळून आलं इतकंच. तसंच आकडा मोठा म्हणजे गाडी नंतरची, असंही नाही. ९११ च्या पिढ्यांचे आतले आकडे १९८८ पासून असे गेले: ९६४, ९९३, ९९६, ९९७, मग मागे वळून ९९१, मग ९९२. यात ९९३ शेवटची हवेने थंड होणारी आणि १९९७ ची ९९६ पहिली पाण्याने थंड होणारी. या एका रेषेवरून शौकिनांचे दोन तट पडलेत, म्हणून हे दोन आकडे तेवढे पाठ करून ठेवा.

बीएमडब्ल्यूच्या महायुद्धाआधीच्या ३२८ मध्ये दोन लिटरचं इंजिन होतं आणि पन्नाशीतल्या ५०७ मध्ये ३.२ लिटरचं. आकारमान त्या आकड्यांतून निघत नाही. १९६१ साली १५०० नावाची सेदान मांडली तेव्हापासून आकडा सरळ सीसीचा झाला. मग छोटी दोन दारांची गाडी आली, तिला १६००-२ म्हटलं. दोन म्हणजे दोन दारं. तिच्यात दोन लिटरचं इंजिन बसवलं ती १९६८ ची २००२. म्हणजे '२०००' आणि दोन दारं. याच हिशेबाने पुढे १६०२ आणि १८०२ आल्या.

१९७२ मध्ये ५ मालिका सुरू झाली आणि आजची पद्धत आली: पहिला आकडा मालिकेचा, पुढचे दोन इंजिनाचे. ६३५ सीएसआय म्हणजे सहावी मालिका, साडेतीन लिटर. पद्धत सुबक आहे, पण कंपनीने स्वतःच ती वाकवली. ३२५ई मध्ये अडीच लिटर नाही, २.७ लिटरचं इंजिन आहे. त्यातला 'ई' म्हणजे ग्रीक अक्षर ईटा, कार्यक्षमतेची खूण. कमी फेऱ्यांवर जोर देणारं, पेट्रोल वाचवणारं इंजिन होतं ते.

पायरी ३: अक्षरं त्या कंपनीच्या आणि त्या वर्षाच्या चौकटीतच वाचा

नवखे सगळ्यात जास्त इथे चुकतात. एक तक्ता शोधायचा, त्यात एस म्हणजे अमुक, टी म्हणजे तमुक, आणि तो सगळ्या गाड्यांना लावायचा. असा तक्ता कुठे मिळाला तर खुशाल बाजूला ठेवा. के हे अक्षर घ्या. १९२८ च्या मर्सिडीज एसएसकेमध्ये ते 'कुर्त्स', म्हणजे आखूड: सुपर स्पोर्ट, पण चासी कापलेली. त्याच कंपनीच्या १९३६ च्या ५४० के मध्ये ते 'कॉम्प्रेसर', म्हणजे सुपरचार्जर. मधे जेमतेम आठ वर्षं.

सीएस घ्या. बीएमडब्ल्यूच्या ३.० सीएसमध्ये कूपे स्पोर्ट. पोर्शेच्या १९८७ च्या कॅरेरा सीएसमध्ये क्लबस्पोर्ट, म्हणजे आतलं सामान काढून हलकी केलेली. आरएस घ्या. पोर्शेत 'रेनस्पोर्ट', म्हणजे शर्यत. कोलोनमध्ये बनलेल्या फोर्ड काप्रीवर तेच आरएस म्हणजे 'रॅली स्पोर्ट'.

त्यातल्या त्यात भरवशाचं अक्षर म्हणजे ई किंवा आय: इंधन फवारणी. जर्मनमध्ये 'आइनस्प्रित्सुंग', म्हणून मर्सिडीज, पोर्शे, ओपेल (मान्टा जीटी/ई) यांच्याकडे ई. बीएमडब्ल्यूने मात्र आय घेतला. पण वरची ३२५ई विसरू नका, ती इथेही घात करते.

पोर्शे ९११ ची अक्षरं

१९६४ ला ९११ एकटीच होती, १३० अश्वशक्तीची. १९६७ च्या मॉडेलला १६० अश्वशक्तीची एस आली. एस म्हणजे सुपर. पुढच्या वर्षी खाली टी (टूरिंग, ११० अश्वशक्ती) आणि मधे एल (लुक्सुस). एल एकच वर्ष टिकली, १९६९ ला तिची जागा ई ने घेतली. तेव्हापासून १९७३ पर्यंत उतरंड अशी: टी, ई, एस. २.४ लिटरच्या काळात युरोपात त्यांची ताकद अनुक्रमे १३०, १६५ आणि १९०. (२.४ हेही गोळाबेरीज करून. खरं आकारमान २३४१ सीसी.) आणि ९१२ म्हणजे त्याच बॉडीत चार सिलेंडरचं इंजिन. स्वस्त म्हणून तिला नाकं मुरडली गेली; मला ती तोलाला जास्त बरी वाटते.

इथे एक गाठ सोडवून घ्या. कारखाना दर मॉडेल वर्षाला एक अक्षर द्यायचा: १९६८ ला ए, मग बी, सी, डी, १९७२ ला ई, १९७३ ला एफ, १९७४ ला जी. त्यामुळे '९११ ई' आणि 'ई सीरिजची ९११' या दोन वेगळ्या गोष्टी. ई सीरिजमध्ये टी, ई, एस तिन्ही येतात. जाहिरातीत फक्त 'ई मॉडेल' असेल तर फोन करून विचारा. शिवाय जी हे अक्षर १९७४ पुरतं होतं, पण ॲकॉर्डियनसारख्या रबरी बंपरच्या सगळ्याच गाड्यांना १९८९ पर्यंत लोक 'जी मॉडेल' म्हणतात.

मग १९७४ ला उतरंडच बदलली. टी आणि ई गेल्या. तळाला नुसती ९११ (१५० अश्वशक्ती), मधे एस (१७५), वर कॅरेरा (२१०). म्हणजे १९७३ ची एस ही नेहमीच्या उतरंडीतली अव्वल, १९० अश्वशक्तीची. १९७४ ची एस मधल्या पायरीची, १७५ ची. बॅज दोन्हींवर तोच. जुन्या बाजारात पहिली दुसरीच्या कित्येक पट भाव खाते. आणि १९७४ च्या अमेरिकन कॅरेरात तर एसचंच इंजिन होतं.

कॅरेरा या शब्दाची घसरणही लक्षात ठेवा. मेक्सिकोतल्या कॅरेरा पानामेरिकाना शर्यतीत ५५० ने आपला गट जिंकला, त्यावरून हा शब्द आला. १९५५ पासूनच्या ३५६ मध्ये कॅरेरा म्हणजे पोर्शेचे इंजिनिअर एर्न्स्ट फुर्मान यांचं चार कॅमशाफ्टचं इंजिन, दुसरं काही नाही. १९७२ च्या शरदात पॅरिसला कॅरेरा आरएस २.७ आली, तेव्हा ९११ वर तो पहिल्यांदा लागला: २१० अश्वशक्ती, मागे बदकाच्या शेपटीसारखा स्पॉइलर. शर्यतीच्या मंजुरीसाठी ५०० गाड्या विकायच्या होत्या, विकल्या गेल्या १५८०. आणि १९८३ च्या कॅरेरा ३.२ पासून तो शब्द साध्या ९११ चा झाला. एकेकाळचा मानाचा किताब पाटीवर आला, असं जुने लोक कुरकुरतात. त्यांचं चुकत नाही.

आरएसमध्येही दोन जाती होत्या. ऑर्डरचा संकेत एम४७१ असेल तर हलकी 'स्पोर्ट', एम४७२ असेल तर आतून सजवलेली 'टूरिंग'. एम४७१ फक्त २०० बनल्या. बाकी, साध्या टीला शेपटी लावून आणि दाराखाली 'कॅरेरा' अशी पट्टी चिकटवून तयार केलेल्या गाड्या जगभर फिरतात. हौस म्हणून ठीक. आरएसच्या भावात घेऊ नका.

उरलेलं पटकन. टार्गा हे नाव सिसिलीतल्या टार्गा फ्लोरिओ शर्यतीवरून. म्हणजे निघणारा टप आणि मागे जाड पट्टा. टर्बो म्हणजे १९७५ मॉडेलपासूनची ९३०. मात्र रुंद मागचा भाग दिसला म्हणून टर्बो समजू नका, कॅरेरा ३.२ ला 'टर्बो लुक' बॉडी पैसे भरून मिळायची. एससी हे १९७८ मॉडेलपासूनच्या ९११ वर 'सुपर कॅरेरा', तर १९६३ च्या ३५६ वर सी मालिकेची ताकदवान, ९५ अश्वशक्तीची आवृत्ती.

मर्सिडीजची अक्षरं

एसएलमधला एल म्हणजे 'लाइश्त', हलकी. यावर वाद नाही. एस म्हणजे स्पोर्ट की सुपर, यावर मात्र अनेक दशकं वाद होता आणि कंपनीची स्वतःची छापील कागदपत्रंही दोन्हीकडे झुकायची. शेवटी कंपनीच्या दप्तरखान्यातल्या जुन्या कागदावर 'सुपर-लाइश्त' सापडलं आणि कंपनीने २०१७ पासून तेच धरलं. आर१०७ दीड टनाची भारदस्त गाडी आहे, हे सांगून उगाच कोणाचा हिरमोड करू नका.

आकारमान सुरुवातीला प्रामाणिक होतं: १९० एसएलमध्ये १८९७ सीसी, २३० एसएलमध्ये २३०६, २८० एसएलमध्ये २७७८. मोठं इंजिन छोट्या नावात बसवायची वेळ आली की कंपनी शेवटी दशांश जोडायची. १९६८ ची ३०० एसईएल ६.३ ही गाडी ३०० या वर्गाची, पण इंजिन ६.३ लिटरचं. १९० ई २.३-१६ तशीच: १९० हे गाडीचं नाव, २.३ लिटर इंजिन, १६ व्हॉल्व्ह. १९७२ मध्ये अमेरिकेत ३५० एसएल विकली गेली ती ४.५ लिटर इंजिनाची, कारण तिथले धुराचे नियम. वर्षभराने तिच्यावर ४५० लिहायला लागले.

१९९३ च्या उन्हाळ्यात कंपनीने अक्षर पुढे आणलं: ५०० एसएलची एसएल ५०० झाली, ५०० ई ची ई ५०० झाली. पिंपरीत १९९५ पासून बनलेल्या पहिल्या मर्सिडीजना, डब्ल्यू१२४ बॉडीच्या त्या सेदानना, आपण 'ई २२०' म्हणतो तेही त्यामुळेच. तीच बॉडी युरोपात वर्ष-दोन वर्षं आधी '२२० ई' होती. आधीच्या नावातला ई फवारणीचा, नंतरचा ई वर्गाचा. अक्षर जागचं हललं आणि अर्थही बदलला.

बीएमडब्ल्यू आणि ऑडी

२००२ टीआय म्हणजे टूरिंग इंटरनॅशनल, दोन कार्ब्युरेटरवाली. टीआयआय मधला जादा आय फवारणीचा. बोनेट उघडून ओळखता येते: कार्ब्युरेटर असतील तर टीआयआय नाही. तिच्यात कुगेलफिशर कंपनीचा यांत्रिक पंप असतो, इंजिनाच्या पुढच्या बाजूने दातेरी पट्ट्यावर फिरणारा. तो काढून टाकून कार्ब्युरेटर बसवलेल्या गाड्याही भेटतात. तेव्हा मग चासी नंबरच बघावा लागतो.

३.० सीएसएलचा एल 'लाइश्तबाऊ', हलकी बांधणी: ॲल्युमिनियमची दारं, बोनेट आणि डिकी. सुरुवातीला कार्ब्युरेटरसह २९८५ सीसी, मग फवारणीसह ३००३, १९७३ ला ३१५३, आणि नाव शेवटपर्यंत ३.०. त्या शेवटच्या गाडीचा मागचा मोठा पंख जर्मन रस्त्यावर चालत नव्हता, म्हणून तो डिकीत ठेवून गिऱ्हाइकाला दिला जायचा. बसवायचा की नाही ते तुमचं तुम्ही बघा!

एम हे अक्षर पुढे असेल आणि लगेच एकच आकडा असेल (एम३, एम५) तर ती मोटरस्पोर्ट विभागाची पूर्ण गाडी. एम आणि मागे पूर्ण नाव (एम५३५आय, एम६३५सीएसआय) असेल तर प्रत्येकीची कुंडली वेगळी: ई२८ बॉडीच्या एम५३५आय मध्ये साधं साडेतीन लिटरचं इंजिन, एम६३५सीएसआय मध्ये २४ व्हॉल्व्हचं शर्यतीच्या घराण्यातलं. एकट्या एमच्या तिरंगी पट्ट्या म्हणजे बहुतेक वेळा फक्त बंपर आणि स्टिअरिंग.

ऑडीत गोंधळ एकाच शब्दाचा. क्वाट्रो ही चार चाकं फिरवणारी यंत्रणाही आहे आणि १९८० ची एक विशिष्ट गाडीही. ८० क्वाट्रो, ९० क्वाट्रो या यंत्रणेच्या. ती विशिष्ट गाडी सांगायची असेल तर लोक 'उर-क्वाट्रो' म्हणतात, म्हणजे मूळची. स्पोर्ट क्वाट्रो आणखी वेगळी: चाकांमधलं अंतर ३२० मिलिमीटरने कमी, आणि बनल्या २१४.

पायरी ४: वर्ष म्हणजे कुठलं वर्ष?

पोर्शेत पुढच्या वर्षीचं मॉडेल उन्हाळी सुट्टीनंतर सुरू व्हायचं. त्यामुळे ऑक्टोबर १९७२ मध्ये बनलेली गाडी १९७३ चं मॉडेल. वर विक्रीला वेळ लागला तर पहिली नोंदणी १९७४ ची. तीन कागदांवर तीन वर्षं असली तरी लबाडी असेलच असं नाही. अक्षरांचा अर्थ लावताना मॉडेल वर्ष धरा.

पायरी ५: चासी नंबर फोडा

९११ चं इंजिन मागे, म्हणून सामानाची डिकी पुढे. चासी नंबर त्या पुढच्या डिकीत सापडतो. १९७० ते ७३ च्या गाडीला तो दहा आकडी असतो. समजा सुरुवात ९११३३० अशी आहे. पहिले तीन, ९११, म्हणजे प्रकार. चौथा ३ म्हणजे मॉडेल वर्ष १९७३. पाचवा ३ म्हणजे एस (२ असेल तर ई, ५ असेल तर युरोपची टी, ६ असेल तर कॅरेरा आरएस). सहावा शून्य म्हणजे कूपे, एक असता तर टार्गा. शेवटचे चार अनुक्रमांक. डिकीवर काहीही लिहिलेलं असो, गाडी काय म्हणून जन्माला आली ते पाचवा आकडा सांगतो.

१९८१ पासून सतरा अक्षरी नंबर आला आणि पोर्शेने त्यात प्रकाराचा आकडा फोडून ठेवला: पहिले दोन अंक सातव्या-आठव्या जागी, तिसरा बाराव्या जागी. सातव्या-आठव्या जागी ९६ आणि बाराव्या जागी ४ असेल तर ९६४. ९३ आणि ० असेल तर ९३०. ९५ आणि १ आलं तर गोंधळू नका, ती ९४४ टर्बो. दहाव्या जागी वर्षाचं अक्षर: बी १९८१, एच १९८७, के १९८९.

जुन्या मर्सिडीजचा नंबर तर अगदी मोकळा असतो. ११३.०४४-१२ आणि पुढे अनुक्रमांक: ११३ बॉडी, ०४४ म्हणजे २८० एसएल (०४२ असेल तर २३०, ०४३ असेल तर २५०), १ म्हणजे डावीकडे स्टिअरिंग (उजवीकडे असेल तर २), आणि शेवटचा २ ऑटोमॅटिक, मॅन्युअल असेल तर तिथे शून्य. २३० एसएलच्या डिकीवर २८० चा बॅज लावणं दोन स्क्रूचं काम आहे. नंबरातला ०४२ मात्र तिथेच राहतो.

पायरी ६: बॅज आहे की नाही, यावरून काही ठरवू नका

जर्मनीत बॅज न लावताच गाडी घ्यायची पद्धत जुनी आहे. शेजाऱ्याला काय घेतलंय ते कळू नये, हाही हेतू असतोच. पोर्शेत यासाठी एम४९८ हा संकेत होता, मर्सिडीजमध्येही तसाच एक. तेव्हा कोऱ्या डिकीची गाडी अस्सल एस असू शकते आणि चकचकीत 'एस' लावलेली गाडी टी.

खात्री कागदावर होते. मर्सिडीजला 'डाटनकार्ट' असतं, त्यात बॉडीचा आकडा, इंजिन, रंग आणि सगळे संकेत असतात. पोर्शेचं कारखान्याच्या नोंदींवरून दिलेलं प्रमाणपत्र मिळतं. विकणाऱ्याकडे ते नसेल तर चासी नंबर आणि इंजिन नंबर यांचे फोटो मागा. लांबून काढलेला अख्ख्या गाडीचा फोटो नको, ठोकलेले आकडे वाचता येतील असा जवळचा हवा.

समजा '९११ एस, १९७३' अशी जाहिरात दिसली आणि फोटो आला. ९११३३० असेल तर पुढे बोला. ९११३५० असेल तर ती टी आहे. नंतर एस केलेली असेल आणि काम चांगलं झालं असेल, तरी भाव टीचाच. आणि ९११२३० असेल तर गाडी एसच, पण मॉडेल १९७२ चं. मग उजव्या दाराच्या मागे, मडगार्डवर एक छोटं झाकण आहे का बघा. ते इंजिन ऑइल भरायचं. ते फक्त त्या एका वर्षी होतं, कारण पंपावरची माणसं त्यात पेट्रोल ओतायची.